क्लॉपनंतर कोण? लिव्हरपूलच्या २०२४ मधल्या शोधाचा प्रकरण अभ्यास

मॅनेजर युर्गन क्लॉप हंगामाअखेर लिव्हरपूल हा इंग्लिश फुटबॉल क्लब सोडणार, हे क्लबने २६ जानेवारी २०२४ रोजी जाहीर केलं. आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाची सुटी, शुक्रवार, दुपारचे चार वाजलेले. संघ लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर होता, क्लॉपचा करार २०२६ पर्यंतचा होता, त्यामुळे बाहेर कुणालाच अंदाज नव्हता. मालकांना मात्र त्याने नोव्हेंबर २०२३ मध्येच सांगितलं होतं. त्या दुपारपासून २० मे रोजी नवा कोच म्हणून आर्ने स्लॉटची अधिकृत घोषणा होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिने, लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानातल्या कॉप स्टँडपासून मुंबई-पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकाच प्रश्नावर घमासान चाललं होतं.

हे प्रकरण अभ्यासाला घ्यावं असं आहे, कारण त्याचे जवळपास सगळे धागे आता उघड आहेत. कोणाकोणाची नावं आली, कोण कधी आणि का गळालं, निवडलेल्या माणसाने काय केलं, आणि न निवडलेल्यांचं पुढे काय झालं, हे सगळं आता तपासता येतं. अशी संधी फार थोड्या निवडींमध्ये मिळते. ते तपासताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. चाहत्यांनी वादाला सुरुवात नावापासून केली. क्लबने ती जागेपासून केली: आपल्याला नेमकं कोणतं काम करणारा माणूस हवाय, आणि त्याच्या हातात कोणते खेळाडू असणार आहेत? या दोन सुरुवातींमुळे उत्तरंही वेगवेगळी आली.

जागा नेमकी कोणती होती

क्लॉप ऑक्टोबर २०१५ मध्ये आला. २०१९ ची चॅम्पियन्स लीग, ९९ गुणांसह जिंकलेली २०१९-२० ची प्रीमियर लीग, एफए कप, दोनदा लीग कप. शेवटच्या काही वर्षांत क्लबमधलं त्याचं वजन इतकं वाढलं होतं की खेळाडू घेण्या-विकण्याच्या निर्णयांतही त्याचाच शब्द जड पडायचा. आधीच्या यशस्वी खरेदीमागचा स्पोर्टिंग डायरेक्टर (खेळाडूंची खरेदी-विक्री सांभाळणारा अधिकारी) मायकेल एडवर्ड्स २०२२ मध्ये गेला. त्याच्या जागी आलेला ज्युलियन वॉर्ड वर्षभरात गेला. मग तात्पुरता आलेला यॉर्ग श्माट्के जानेवारी २०२४ च्या शेवटी गेला. थोडक्यात, क्लॉपची घोषणा झाली तेव्हा पुढच्या हंगामासाठी लिव्हरपूलकडे मॅनेजर नव्हता आणि मॅनेजर निवडणारा माणूसही नव्हता.

मालक कंपनी फेनवे स्पोर्ट्स ग्रुपने आधी वरची खुर्ची भरली. १२ मार्चला एडवर्ड्स परत आला, या वेळी थेट फेनवेच्या फुटबॉल विभागाचा प्रमुख म्हणून. २० मार्चला बोर्नमथ या इंग्लिश क्लबच्या रिचर्ड ह्यूजचं नाव स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून जाहीर झालं. कोचचा खरा शोध त्यानंतरच वेगात आला. फेब्रुवारी-मार्चमध्ये चाहत्यांची मोठी तक्रार होती ती ‘क्लब झोपलाय, बायर्न (म्युनिक) आपल्या हातचा माणूस पळवणार’ अशी. प्रत्यक्षात त्या काळात क्लब पहिली पायरी चढत होता. कोच आधी आणून त्याच्यावर नंतर स्पोर्टिंग डायरेक्टर बसवला, तर सहा महिन्यांत दोघांत ‘हा खेळाडू कुणी मागितला होता’ यावरून तेढ सुरू होते. नवा डायरेक्टर आपण न निवडलेल्या कोचची पाठराखण करत नाही, आणि कोच आपण न मागितलेल्या खेळाडूला खेळवत नाही.

मँचेस्टर युनायटेडचा २०१३ चा दाखला या वादात सारखा दिला जात होता, पण अर्धाच. मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन गेला आणि त्याच्या जागी आलेल्या डेव्हिड मोयेसला ते पेललं नाही, एवढंच सांगितलं जायचं. उरलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे. त्याच उन्हाळ्यात क्लबचा मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेला, आणि मोयेसने स्वतःचे सहायक आणल्याने माइक फेलन, रेने म्यूलेनस्टीन हे जुने प्रशिक्षकही बाहेर पडले. क्लब चालवायची माहिती ज्यांच्या डोक्यात होती ती सगळी माणसं एकाच वेळी निघून गेली. सहा वर्षांचा करार दिलेल्या मोयेसला एप्रिल २०१४ मध्ये काढलं आणि गतविजेता संघ सातवा आला. लिव्हरपूलमध्येही क्लॉपसोबत पेप लाइंडर्स, पीटर क्राविट्झ हे सहायक जाणारच होते. त्यामुळे वरची फळी आधी पक्की करणं हाच खरा उपाय होता.

या फेरमांडणीतून जागेचं नावही बदललं. क्लॉप मॅनेजर होता, स्लॉट आला तो हेड कोच म्हणून. सराव घेणं, अकरा निवडणं, डावपेच ठरवणं हे त्याचं काम. खरेदी-विक्री, करार, वैद्यकीय आणि संशोधन विभाग ह्यूज पाहणार, कोचचं मत घेऊन. ‘सगळा कारभार माझ्या हातात हवा’ म्हणणारा कोणताही उमेदवार इथेच बाद होत होता, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

अलोन्सो: पहिलं नाव, आणि ते का पुढे गेलं नाही

पहिल्या तासापासून चाहत्यांचं पारडं चाबी अलोन्सोच्या बाजूने झुकलेलं होतं, आणि त्याला सबळ कारणं होती. २००४ ते २००९ तो लिव्हरपूलचा खेळाडू. इस्तंबूलच्या २००५ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मिलानच्या गोलकीपर डिडाने त्याची पेनल्टी अडवली, तेव्हा परत आलेला चेंडू जाळ्यात मारून ३-३ करणारा तोच. कोच म्हणून त्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये बायर लेव्हरकुसेन घेतलं तेव्हा तो संघ जर्मनीच्या बुंडेसलिगात तळापासून दुसऱ्या स्थानावर घसरला होता. दीड वर्षात तोच संघ एकही सामना न हरता विजेता झाला.

१४ एप्रिल २०२४ चा रविवार तर चाहत्यांच्या जिव्हारी लागला. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसहाला ॲनफिल्डवर क्रिस्टल पॅलेसविरुद्ध सामना सुरू झाला, पॅलेसच्या एझेने पहिल्या पंधरा मिनिटांत गोल केला, लिव्हरपूल ०-१ हरलं आणि विजेतेपदाची आशा निसटायला लागली. तो सामना संपून तास उलटायच्या आत लेव्हरकुसेनचा वेर्डर ब्रेमेनविरुद्धचा सामना सुरू झाला. त्यात ५-० जिंकून अलोन्सोने क्लबच्या इतिहासातलं पहिलं लीग विजेतेपद मिळवलं. त्या रात्री झालेल्या तुलनेत दुसरं काही मोजणं अवघडच होतं. पण अलोन्सोने २९ मार्चलाच लेव्हरकुसेनमध्ये राहणार असल्याचं जाहीर केलं होतं. लिव्हरपूल आणि बायर्न दोघांचीही दारं त्याने स्वतः बंद केली होती.

इथे चाहत्यांच्या वादातली नेहमीची चूक दिसते. उमेदवार मोकळा आहे, आपण फक्त ‘हो’ म्हणायचा अवकाश, असं गृहीत धरलं जातं. उपलब्धता तपासायच्या चार गोष्टी असतात: करार कधी संपतो, सोडून जायची ठरावीक रक्कम करारात आहे का, सध्याच्या क्लबचं पुढच्या हंगामाचं चित्र काय आहे, आणि दुसरा कोणता मोठा क्लब त्याची वाट पाहतोय. अलोन्सोचा करार २०२६ पर्यंत होता. लेव्हरकुसेन पुढच्या हंगामात चॅम्पियन्स लीग खेळणार हे तोवर निश्चितच होतं, आणि मुख्य खेळाडू तेच राहणार होते. रियाल माद्रिदचा तो माजी खेळाडू, तिथली जागा आज ना उद्या रिकामी होणारच होती. या चारही गोष्टी फेब्रुवारीतही माहीत होत्या. एक वर्ष थांबणं हेच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचं होतं, आणि त्याने तेच केलं.

दुसरी, कमी बोलली गेलेली बाजू अनुभवाची. लेव्हरकुसेनआधी त्याने रियाल सोसिएदादचा ‘बी’ संघ सांभाळला होता. २०२१ मध्ये तो संघ स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत वर आला आणि पुढच्याच वर्षी खाली गेला. म्हणजे वरच्या श्रेणीतला त्याचा सगळा पुरावा दीड हंगामाचा. पुरावा उत्तम होता, पण थोडा होता. इतक्या थोड्या सामन्यांत नशिबाचा वाटा किती हे ओळखणं कुणालाच सोपं नसतं. लेव्हरकुसेनने त्या वर्षी कितीतरी सामने शेवटच्या मिनिटांत वाचवले होते.

अमोरिम आणि तीन सेंटरबॅकचा प्रश्न

अलोन्सो गेल्यावर सट्टेबाजांच्या भावांत रुबेन अमोरिम पुढे आला आणि बरेच चाहते त्या भावांनाच बातमी समजून बसले. भाव हे पैसे कुठे लागलेत ते दाखवतात, क्लबच्या बैठकीत काय चाललंय ते नाही. अमोरिमची कामगिरी मात्र खरोखरच भक्कम होती. मार्च २०२० मध्ये स्पोर्टिंग लिस्बनने ब्रागाला एक कोटी युरो मोजून त्याला घेतलं, पुढच्याच हंगामात त्याने १९ वर्षांनी लीग जिंकून दिली, आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा. घोडं अडलं ते मैदानावरच्या मांडणीत.

अमोरिम ३-४-३ खेळवायचा (आकडे मागून पुढे: बचावपटू, मधली फळी, आक्रमक), त्यात फारसा बदल न करता. अलोन्सोचं लेव्हरकुसेनही ३-४-२-१ खेळायचं. दोन्हीकडे मागे तीन सेंटरबॅक (मधले बचावपटू), रुंदी विंगबॅककडून (कडेचा पूर्ण पट्टा धावणारे खेळाडू), आणि पुढे स्ट्रायकरच्या मागे आतल्या बाजूला दोघं. लिव्हरपूलचा संघ आठ वर्षं ४-३-३ साठी घडवलेला होता. हा बदल पाटीवर सोपा दिसतो. खेळाडू एकेक करून त्यात बसवायला घेतले की अडचणी कळतात.

सलाहपासून सुरुवात करा. तो उजव्या रेषेजवळ उभा राहतो, चेंडू पायात घेतो, समोरच्या फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) एकटं गाठतो आणि डाव्या पायावर आत येतो. त्याची सगळी धार त्या मोकळ्या जागेतून येते. ३-४-२-१ मध्ये ती जागा विंगबॅकची. सलाह आत सरकतो, गोलकडे पाठ करून, दोन बचावपटू आणि एक मिडफिल्डर यांच्या गर्दीत. लुईस डियाझ आणि गाकपो हेही मूळचे विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारे. तिघांसाठी दोन जागा, आणि त्याही त्यांच्या स्वभावाच्या नाहीत. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड विंगबॅक म्हणून खेळू शकला असता, पण चेंडू संघाकडे असताना त्याला मधोमध आणून खेळ रचायला देण्याची जी सवय २०२३ पासून लागली होती ती मोडावी लागली असती. डावीकडे रॉबर्टसन तिशीत पोचलेला, आणि विंगबॅकला पूर्ण पट्टा एकट्याने धावायचा असतो.

मागची बाजू तर आणखी पातळ. युरोपातले सामने धरून तीन सेंटरबॅक खेळवायचे तर हंगामाला किमान पाच, खरं तर सहा भरवशाचे सेंटरबॅक लागतात. मातिपचा करार संपत होता. राहिले व्हॅन डाइक, कोनाटे, गोमेझ आणि तरुण क्वान्सा. त्यात कोनाटेला दुखापतींचा त्रास. म्हणजे नवा कोच येताच दोन सेंटरबॅक, एक डावा विंगबॅक, शिवाय आतल्या जागांवर खेळणारा एखादा जण घ्यावा लागला असता, आणि दोन चांगले विंगर बाकावर बसवावे किंवा विकावे लागले असते. वर सलाह, व्हॅन डाइक आणि ट्रेंट या तिघांचेही करार जून २०२५ मध्ये संपत होते. करार वाढवायचा का, याचा विचार करणाऱ्या सलाहला त्याच वेळी ‘आता तुझी जागा बदलतेय’ असं सांगणं किती महागात पडलं असतं, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

चाहत्यांच्या वादात या मुद्द्याला ‘चांगला कोच जुळवून घेतो’ असं उत्तर मिळायचं. काही कोच जुळवून घेतात. अमोरिमबद्दल तसा पुरावा नव्हता, कारण त्याला ती गरजच पडलेली नव्हती. २२ एप्रिलला तो वेस्ट हॅमशी बोलायला लंडनला गेल्याचं बाहेर आलं. तोवर लिव्हरपूलचं लक्ष दुसरीकडे वळलेलं होतं.

बाकीची नावं

ब्रायटनच्या रोबेर्तो डी झेर्बीचा खेळ डोळ्यांना सुखावणारा होता, २०२२-२३ मध्ये त्याने संघाला सहावं आणून युरोपात नेलं. पण २०२३-२४ चा दुसरा टप्पा घसरणीचा होता, आणि खरेदीवरून वरिष्ठांशी त्याचे मतभेद जाहीर होते. स्पोर्टिंग डायरेक्टरच्या हाताखालच्या जागेसाठी ही खूण पुरेशी होती. बायर्नचा माजी कोच नागेल्समनने १९ एप्रिलला जर्मनीच्या राष्ट्रीय संघाशी करार वाढवला. क्लबचा माजी कर्णधार स्टीव्हन जेरार्डचं नाव प्रेमापोटी घेतलं गेलं, ॲस्टन व्हिलातला फसलेला अनुभव पाहता त्यापुढे जायचं कारण नव्हतं. लाइंडर्सला बढती देण्याचा पर्यायही चाहत्यांत थोडा वेळ चर्चेत होता, पण त्याला स्वतंत्रपणे संघ चालवायचा अनुभव जेमतेम काही महिन्यांचा होता.

स्लॉटपर्यंत क्लब कसा पोचला

२४ एप्रिलला गूडिसन या आपल्या मैदानावर एव्हर्टनने लिव्हरपूलला २-० हरवलं आणि विजेतेपदाची आशा जवळपास संपली. त्याच सुमारास नेदरलँड्सच्या फेयेनूर्द क्लबचा आर्ने स्लॉट आघाडीवर असल्याच्या बातम्या आल्या. बहुसंख्य चाहत्यांची प्रतिक्रिया होती: कोण?

ज्यांनी क्लॉपची २०१५ ची निवड लक्षात ठेवली होती, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटायला हवी होती. २०१४-१५ मध्ये क्लॉपचं डॉर्टमुंड हिवाळी सुटीला जर्मन लीगमध्ये तळापासून दुसऱ्या स्थानावर होतं आणि शेवटी सातवं आलं. लिव्हरपूलच्या संशोधन विभागाने, त्या वेळी इयन ग्रॅहम त्याचा प्रमुख होता, सामन्यांतल्या संधींचा हिशेब मांडला. डॉर्टमुंड तयार करत असलेल्या आणि देत असलेल्या संधी पाहता त्यांना मिळालेले गुण फारच कमी होते. संघ चांगला खेळत होता, गोल पडत नव्हते. क्लॉप संपला नाही, हे त्यांनी गुणतक्त्यापलीकडे पाहून ओळखलं.

स्लॉटच्या बाबतीत हाच हिशेब उलट्या बाजूने: चांगले निकाल टिकणारे आहेत का? एका हंगामाने ते कळत नाही. स्लॉटचा पुरावा दोन क्लबांत मिळून लांबलचक होता. २०१९-२० मध्ये त्याचं एझेड अल्कमार ५६ गुणांवर आयाक्सच्या बरोबरीने होतं, तेव्हा कोविडमुळे लीग थांबली. फेयेनूर्दशी बोलणी करतोय म्हणून एझेडने त्याला डिसेंबर २०२० मध्ये काढलं, आणि २०२१ मध्ये तो फेयेनूर्दला गेला. पहिल्याच वर्षी तिसरा क्रमांक आणि कॉन्फरन्स लीगचा अंतिम सामना. मग त्या उन्हाळ्यात सिनिस्टेरा, मालासिया, सेनेसी, ऑर्सनेस असे आधाराचे खेळाडू विकले गेले, आणि पुढच्या हंगामात तोच विस्कटलेला संघ नेदरलँड्सचा विजेता झाला. आयाक्स आणि पीएसव्ही यांचा खर्च फेयेनूर्दपेक्षा जास्त. उमेदवाराला तोलायचं हे सगळ्यात उपयोगी माप आहे: संघाचा पगारखर्च लीगमध्ये कितवा, आणि संघ आला कितवा. शिवाय चांगले खेळाडू विकल्यावर पुढच्या वर्षी काय झालं. चषकांची संख्या यातलं काहीच सांगत नाही.

त्या विकलेल्या खेळाडूंपैकी सेनेसी बोर्नमथने घेतला होता, आणि बोर्नमथची खरेदी तेव्हा ह्यूजच्या हातात होती. २०२३ मध्ये संघाला खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचवणाऱ्या गॅरी ओ’नीलला काढून आंदोनी इराओलाला आणणाराही ह्यूजच. त्या वेळी त्याच्यावर बरीच टीका झाली, आणि त्या हंगामात बोर्नमथने ४८ गुण मिळवून प्रीमियर लीगमधली आपली सर्वोत्तम कमाई केली. निवड करणाऱ्याचा आधीचा निर्णय वाचला असता, तर निकालापेक्षा खेळाची पद्धत पाहणारा हा माणूस लिव्हरपूलला कुठे नेणार याचा अंदाज मार्चमध्येच आला असता. पुढचा कोच कोण, या वादात चाहते उमेदवारांबद्दल पानंच्या पानं लिहितात आणि निवडणाऱ्याबद्दल एक ओळही नाही, ही मोठी उणीव आहे.

मांडणीचा प्रश्न स्लॉटकडे उद्भवतच नव्हता. तो ४-३-३ किंवा ४-२-३-१ खेळवायचा, बरीच पुढे सरकवलेली बचावरेषा, चेंडू गेला की लगेच दाब, आणि विंगर रुंद. क्लॉपच्या संघाला त्यात फारशी मोडतोड लागणार नव्हती. फेयेनूर्दच्या खेळाडूंना स्नायूंच्या दुखापती कमी होत होत्या, हाही मुद्दा क्लबने पाहिला, असं त्या वेळच्या इंग्लिश वार्तांकनात आलं. क्लॉपच्या शेवटच्या दोन हंगामांत दवाखाना कसा भरलेला असायचा हे आठवलं, तर या मुद्द्याचं मोल कळतं.

पुढचं वेगाने झालं. २५ एप्रिलला स्लॉटने स्वतःच आपल्याला लिव्हरपूलला जायचंय असं पत्रकारांना सांगितलं, एक-दोन दिवसांत दोन्ही क्लबांचं जुळलं. भरपाई सुमारे ९४ लाख पौंडांपर्यंत जाईल असं छापून आलं. ब्रेक्झिटनंतर युरोपीय कोचलाही कामाचा परवाना लागतो, तो आणि उरलेला हंगाम, यात मे महिना गेला. १९ मे रोजी वुल्व्ह्जविरुद्धच्या आपल्या शेवटच्या सामन्यानंतर क्लॉपनेच माइक हातात घेऊन स्लॉटच्या नावाचं गाणं ॲनफिल्डकडून म्हणवून घेतलं. घोषणा दुसऱ्या दिवशी झाली. चाहत्यांच्या मनातला विरोध बोथट करायला याहून जास्त उपयोगी गोष्ट दुसरी कुठलीच झाली नसती.

चाहत्यांचं काय बरोबर होतं

त्यांचे सगळे आक्षेप पोकळ नव्हते. डच लीगचा दर्जा हा खरा प्रश्न होता. एरिक टेन हाग आयाक्समध्ये यशस्वी होऊन २०२२ मध्ये युनायटेडला आला, पहिल्या वर्षी तिसरा आणि दुसऱ्या वर्षी आठवा आला. फेयेनूर्द २०२३-२४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गटातून पुढे जाऊ शकलं नव्हतं. दाबाचा खेळ ज्या लीगमध्ये समोरचे संघ चेंडू सहज गमावतात तिथे जास्त चांगला दिसतो, हेही खरं. या आक्षेपांना उत्तर ‘तो चांगला आहे’ असं देऊन चालत नाही. युरोपातल्या बलाढ्य संघांविरुद्धचे सामने वेगळे काढून तेवढेच पाहावे लागतात.

चाहत्यांना या निवडीत मत नव्हतं. २०२१ च्या सुपर लीग (मोठ्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेचा फसलेला बेत) प्रकरणानंतर लिव्हरपूलमध्ये अधिकृत समर्थक मंडळ आलं, तिकीट दर आणि क्लबच्या वारशासारख्या गोष्टींवर त्याच्याशी बोलावं लागतं. कोचची निवड त्यात नाही, आणि ती नसावी. मात्र चाहत्यांचा दबाव निवडीनंतर काम करतो, हे २०१० मध्ये दिसलं होतं. रॉय हॉजसन जुलैमध्ये आला तेव्हा अनेकांना केनी डॅल्ग्लिश हवा होता. निकाल बिघडताच स्टँडमधून डॅल्ग्लिशच्या नावाचा घोष सुरू झाला आणि जानेवारी २०११ मध्ये हॉजसन गेला, डॅल्ग्लिश आला. म्हणून नको असलेला माणूस आणताना त्याला पहिल्या दहा सामन्यांत तग धरता येईल अशी परिस्थिती देणं क्लबचं काम ठरतं. स्लॉटला ती मिळाली ती बऱ्याच अंशी मांडणी न बदलल्यामुळे.

निकाल, आणि तो कसा वाचायचा

२०२४ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलने त्या हंगामासाठी फक्त फेदेरिको कियेझाला घेतलं. मधल्या फळीसाठी हवा असलेला झुबिमेंडी आला नाही. स्लॉटने आधीच संघात असलेल्या राव्हनबेर्खला बचावासमोरच्या जागेवर आणलं आणि तो तिथे बसला. सलाह आपल्या जागी राहिला आणि त्याने लीगमध्ये २९ गोल केले, १८ करून दिले. सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ०-१ हरल्यानंतर लीगमधली दुसरी हार थेट एप्रिलमध्ये झाली. २७ एप्रिल २०२५ रोजी टॉटनहॅमला ५-१ हरवून चार सामने राखून विसावं विजेतेपद. एकूण ८४ गुण. हंगाम निष्कलंक नव्हता: पॅरिस सेंट-जर्मेनने चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं, लीग कपचा अंतिम सामना न्यूकॅसलने जिंकला, एफए कपमध्ये तर खालच्या श्रेणीतल्या प्लिमथकडून हार.

या विजेतेपदाने निवडीची पद्धत सिद्ध झाली असं म्हणणं घाईचं ठरेल. आपल्या रॉड्री या मिडफिल्डरच्या दुखापतीनंतर मँचेस्टर सिटी ७१ गुणांवर आलं, आर्सेनल ७४ वर थांबलं. ८४ गुण एरवी दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचे असतात. २०२१-२२ मध्ये लिव्हरपूलच ९२ गुणांवर दुसरं होतं. पद्धतीच्या बाजूने जास्त बोलतं ते अमोरिमचं पुढचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला गेला, चार बचावपटूंसाठी घडवलेल्या संघावर त्याने हंगामाच्या मध्यात तीनची मांडणी लादली, विंगबॅक नव्हतेच. युनायटेड ४२ गुणांसह पंधरावं आलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये त्याला काढलं. एप्रिल २०२४ मध्ये लिव्हरपूलच्या संदर्भात जो धोका कागदावर दिसत होता, तो शेजारच्या शहरात जसाच्या तसा उतरला.

मग २०२५ च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलने विर्ट्झ, इसाक, एकिटिके, केरकेझ, फ्रिम्पाँग यांच्यासह नव्या खेळाडूंवर एकूण ४० कोटी पौंडांहून जास्त खर्च केले. ट्रेंट रियालला गेला, डियाझ बायर्नला. जुलैमध्ये दिओगो जोटाच्या अपघाती मृत्यूने संपूर्ण क्लब हादरला होता. लीगमध्ये पहिले पाच सामने जिंकल्यावर संघ कोसळला: २२ नोव्हेंबरला फॉरेस्टकडून घरच्या मैदानावर ०-३, चार दिवसांनी पीएसव्हीकडून १-४, बारा सामन्यांतली ती नववी हार. स्लॉटला ठेवायचं की काढायचं, हा वाद पेटला. २०२५ मध्ये रियालचा कोच झालेला अलोन्सो जानेवारी २०२६ मध्ये तिथून बाहेर पडला आणि दोन वर्षांपूर्वीचंच नाव पुन्हा वर आलं.

या वेळी, म्हणजे २०२६ च्या सुरुवातीला, ते नाव तपासताना २०२४ चा कागद जसाच्या तसा वापरता येत नव्हता. संघ बदलला होता. लेव्हरकुसेनमध्ये अलोन्सोच्या उजव्या पट्ट्यावर धावणारा फ्रिम्पाँग तेव्हा लिव्हरपूलकडे होता, अलोन्सोच्याच संघात आतल्या जागेवर फुललेला विर्ट्झही होता, आणि डावीकडे केरकेझला पुढे धावायला आवडायचं. पुढचा अर्धा भाग जवळजवळ तयार होता. अडचण मागेच होती: १ सप्टेंबर २०२५ रोजी क्रिस्टल पॅलेसच्या गेही या सेंटरबॅकचा व्यवहार शेवटच्या तासांत फिसकटला, नव्याने आणलेल्या लिओनी या तरुण सेंटरबॅकचा गुडघा सप्टेंबरमध्येच गेला, कोनाटेचा करार २०२६ च्या उन्हाळ्यात संपत होता आणि व्हॅन डाइक चौतिशीत होता. तीन सेंटरबॅक खेळवणारा कोणताही कोच आणायचा असेल, तर त्याच्याशी बोलणी सुरू करण्याआधी ह्यूजला किमान दोन सेंटरबॅक कुठून आणि कितीला येणार याचं उत्तर द्यावं लागणार होतं.